पाचवा सेट, सहा-पाच

बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी मी त्यांना टेनिसच्या एका सामन्याचा खोटा निकाल सांगितला. एवढंच घडलं. कागदावर एका ओळीत मावतं. पण ती ओळ लिहायला मला काही वर्षं लागली.

मालवणहून देवगडकडे जाताना खाडीच्या अलीकडे आमचं गाव आहे. घरातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आई गेल्यावर घरात बाबा आणि मी असे दोघंच उरलो. बाबा निवृत्त होऊन मुंबईहून परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती, दोन रॅकेटी होत्या आणि कायमचे दुखावलेले गुडघे होते.

ते मुंबईच्या एका जिमखान्यात टेनिसचे मार्कर होते. हा शब्द आता फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगते. ज्या मेंबरला त्या दिवशी जोडीदार मिळालेला नाही, त्याच्याशी खेळायला जिमखान्याने पगारावर ठेवलेला माणूस म्हणजे मार्कर. मेंबरला घाम यावा, मजा यावी आणि शेवटी तो जिंकावा, हे मार्करचं काम. बाबा म्हणायचे, हरणं सोपं असतं, समोरच्याला न कळता हरणं अवघड. साहेबाला आवडतो त्याच उंचीवर चेंडू द्यायचा, पण असा की त्याला वाटावं, हा फटका मी कमावला. साहेबाचा चेंडू रेषेबाहेर वीतभर पडला तरी आत धरायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परतवायचा.

"आणि तेंका कळला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"कळला तर मगे मी मार्कर कसलो गो?" बाबा म्हणाले. त्यांना या कामाची लाज नव्हती. सुताराने सांध्याबद्दल बोलावं तसे ते त्याबद्दल बोलत.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात अडकून राहिली होती. ती त्यांनी मला आयुष्यात दोनदाच सांगितली. जिमखान्यात एक मेंबर वर्षानुवर्षं चॅम्पियन होता. मेंबरांच्या स्पर्धेत मार्करला खेळता येत नसे. पण एका दुपारी तो चॅम्पियन स्वतः म्हणाला, आज माझ्याशी खरं खेळ, अजिबात सोडू नकोस. बाबा तेव्हा चाळिशीच्या आत होते. ते खरं खेळले. पहिला सेट जिंकले, दुसऱ्यात पुढे गेले, आणि एक गेम उरला असताना त्यांचे चेंडू साहेबाला हवे तिथे पडू लागले.

"मिया ठरवन केलंय नाय," बाबा म्हणाले. "हात आपसून गेलो. वीस वर्षां तेका तीच सवय. मी सांगी होतंय, आज नको रे, आणि तो देय होतो."

मी तेव्हा काय म्हणाले ते मला आठवत नाही. मांडीवर पुस्तक असणार.

टीव्ही आला आणि बाबांना जगाचं टेनिस घरबसल्या दिसू लागलं. त्या काळात या खेळावर तिघांचं राज्य होतं. मोठ्या स्पर्धेचा कप या तिघांतल्याच कोणाकडे तरी जायचा, वर्ष कुठलंही असो. बाबा त्यांची नावं घेत नसत. वयाच्या क्रमाने त्यांनी तिघांना थोरलो, मधलो आणि धाकटो करून टाकलं होतं, एका घरातले भाऊ असावेत तसं.

"ह्या तिघांनी कलमांची बाग वाटून घेतल्यानी," ते म्हणायचे. "चौथ्याक खाली पडलेलो आंबोसुदीक मिळूचो नाय."

शेजारचे काका सामना बघायला यायचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी आवाज मात्र अजून भरल्या गाडीतला. ते म्हणायचे, "मगे चौथ्यान कोर्टात जावचा!"

"अरे मेल्या, ते कोर्टातच आसत!" बाबा म्हणत, आणि दोघं पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसत. हा विनोद मी निदान शंभरदा ऐकला असेन.

मग तो पोरगा आला. कुठल्याशा थंड देशातला, उंच, काटकुळा. बाबांनी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो धाकट्याशी खेळत होता आणि पहिले दोन सेट जिंकला होता. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. सामना तो हरला. पुढच्या वर्षी मधल्याशी असाच पुढे जाऊन हरला. मग थोरल्याशी. तिन्ही वेळा विजय हातभर अंतरावर आला असताना त्याचे चेंडू अचानक मऊ पडले. समालोचक त्याला अनुभवाची कमतरता म्हणत होते. बाबांना ते पटत नव्हतं.

"हात बघ तेचो," ते मला म्हणत. "शेवटाक सैल पडता. पुस्तकातसून मान वर काढ गो चेडवा, हात बघ."

"बघतंय," असं मी म्हणायची आणि ओळ संपवायची. ओळ संपेपर्यंत तो फटका होऊन गेलेला असायचा. दहा-बारा वर्षं मी त्या खुर्चीशेजारी बसले. सोबत म्हणून बसले, असं मला वाटायचं. कानावर सारखे आकडे पडायचे, सहा-चार, सहा-तीन, सात-सहा, आणि मला वाटायचं, आपण सगळं ऐकतो आहोत.

बाबांना आयुष्याच्या शेवटाकडे एकच इच्छा उरली होती आणि ती त्यांनी लपवली नाही. या पोराने तिघांपैकी एकाला, तो भरात असताना, मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरवलेलं त्यांना बघायचं होतं. त्याचा हात शेवटच्या गेमला घट्ट राहतो का, ते बघायचं होतं. काका चेष्टा करायचे, "तो तुझो कोण लागता रे? तेच्या बारशाक गेल्लंस?" बाबा टीव्हीचा आवाज वाढवत.

त्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत पाणी झालं. दोनदा काढलं, दोनदा पुन्हा भरलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आता घरीच ठेवा, दवाखान्यात नेण्याने त्यांचा त्रासच वाढेल. मी बाबांची खाट टीव्हीच्या खोलीत घेतली. जानेवारी महिना होता. परसातल्या कलमांना मोहोर आला होता आणि त्याचा वास खोलीत येत होता. बाबांना त्या वासाने खोकला यायचा, तरी खिडकी लावू द्यायचे नाहीत.

वर्षातली पहिली मोठी स्पर्धा ऑस्ट्रेलियात होते. तिथे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुपार. त्या वर्षी पोराने उपांत्य सामन्यात मधल्याला हरवलं. शेवटच्या चेंडूला बाबा उशीवरून उठून बसले आणि मला हाक मारत म्हणाले, "मधल्याक काढल्यान गो!" त्यांना धाप लागली होती आणि ते हसत होते. आता रविवारी अंतिम सामना, समोर थोरला.

रविवारी सकाळी बाबांनी काकांकरवी विहिरीजवळच्या माडाचा एक नारळ मागवला, शेंडी ठेवून सोलून घेतला आणि टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवायला लावला. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करण्याआधी देवाला मोठ्याने सगळं सांगतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर सोबतच्यांनी हुंकार भरायचा असतो. परदेशातल्या टेनिसपटूसाठी घातलेलं गाऱ्हाणं त्याआधी आमच्या देवाने ऐकलं नसावं.

"बा देवा म्हाराजा," बाबा खाटेवरून म्हणाले.

"व्हय म्हाराजा," काका आणि मी म्हणालो.

"आज ह्यो परदेशातलो पोरगो थोरल्याच्या समोर उभो रवतलो आसा. तो तुका वळखणा नाय, पण तू सगळ्यांका वळखतंस..."

"व्हय म्हाराजा."

"तेचो हात शेवटाक सैल पडता. तेका बळ दी." इथे त्यांना थांबावं लागलं. आम्ही थांबलो. "तेका यश दी. तो जिंकलो काय ह्यो नारळ तुझ्या पायाकडे येतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. मी या खेपेला उशिरा म्हणाले. माझ्या हातात पुस्तक होतं, बोट घालून मिटलेलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पण रागावले नाहीत.

साडेअकराच्या सुमाराला त्यांचा श्वास बिघडला. डॉक्टर मोटारसायकलवरून आले, इंजेक्शन दिलं, आणि म्हणाले की आता झोपतील, झोपू द्या. दीड वाजता सामना सुरू व्हायच्या वेळी बाबा गाढ झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. टीव्हीही लावला नाही, आवाजाने जागे होतील म्हणून. आवाज बंद करून मी एकटी बघू शकले असते, हे मला सुचलंसुद्धा नाही. मी खाटेशेजारी वाचत बसले.

ऊन उतरल्यावर काका मागच्या दारी आले. त्यांनी घरी बसून सामना बघितला होता. एरवी अंगणातूनच ओरडत येणारा माणूस त्या दिवशी चपला काढून उंबऱ्यावर उभा राहिला.

"हरलो," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन सेट वर होतो गो. पाचव्यात गेलो. परत ताच."

मी पुढे काही विचारलं नाही. हरला म्हटल्यावर आकडे काय करायचे?

"म्हाताऱ्याक काय सांगतलंस?" काकांनी विचारलं.

"बघतंय," मी म्हणाले.

तिन्हीसांजेला मी देवापाशी दिवा लावून आले तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते. खोलीत अजून उजेड होता. ते बंद टीव्हीकडे बघत होते.

"काय झाला?"

"जिंकलो," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ते हसतील. ते माझ्याकडे बघत राहिले. "कितक्या सेटात?"

"पाच."

"पाचवो कितको?"

आता आकडा हवा होता. मला एवढंच माहीत होतं की सेट सहाचा असतो, आणि मला वाटलं की त्यांना अटीतटीचा सामना आवडेल, केसभराच्या फरकाने जिंकलेला. टीव्हीवर सहा-पाच हे आकडे मी कित्येकदा ऐकलेही होते. मी म्हणाले, "सहा-पाच."

"सहा-पाच?"

"व्हय."

बाबांनी पुन्हा बंद टीव्हीकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि हात? शेवटाक?"

"सैल नाय पडलो, बाबा. घट्ट होतो."

"बरा झाला," बाबा म्हणाले. त्यांनी पांघरुणातून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. "बरा सांगलंस."

मी डोळे पुसले, त्यांना दिसू नये म्हणून वळून. मग म्हणाले, "उद्या सकाळी काकांका सांगान नारळ देवळात पाठयतंय."

"नको," बाबा म्हणाले. "नारळ रवांदे सध्या. हयसरच रवांदे."

मला वाटलं, बरं वाटल्यावर त्यांना स्वतः जायचं असेल. असं वाटून मला आणखी रडू आलं. 

दुसऱ्या दिवशीचा पेपर मी न्हाणीच्या चुलीत घातला, पाणी तापवायला. बाबा चाळीस वर्षं पेपर मागून पुढे वाचत आले होते, खेळाचं पान आधी. पेपर आला नाही असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी पेपर मागितलाच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. काका आले तेव्हा सामन्याचं नाव काढलं नाही, त्यांच्या नातवाच्या खोकल्याची चौकशी केली. मला हायसं वाटलं. गुरुवारी सकाळी मी पेजेचा वाडगा घेऊन आले तेव्हा बाबा गेलेले होते.

कार्य झालं, माणसं पांगली. टीव्हीवर मी कापड टाकलं. वर्षभर ते तसंच राहिलं. मी आतल्या आत एका गोष्टीला धरून होते: निदान बाबा समाधानाने गेले. माझ्या हातून त्यांच्यासाठी फार काही झालं नव्हतं, पण एवढं झालं होतं.

पुढच्या जानेवारीत काका आले आणि त्यांनी स्वतःच कापड काढलं. "लाव गो. दोन घटका बघूया. नायतर टीव्हीत उंदीर जातले."

पोरगा खेळत होता. सुरुवातीच्या फेरीतला साधा सामना. मी त्या दिवशी पुस्तक घेतलं नाही. का, ते सांगता येणार नाही. बहुधा मोकळ्या खुर्चीसमोर पुस्तक धरण्याची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी टेनिसचा खेळ सलग बघत होते. पडद्यावर पाच-पाच झाले. मग पोराने एक गेम घेतला. सहा-पाच. दोघं खेळाडू आपापल्या खुर्च्यांकडे गेले, पाणी प्यायले, टॉवेलने तोंड पुसलं.

"झालो सेट," मी म्हणाले.

"झालो खंय?" काका म्हणाले. "दोनाचो फरक व्हयो. सात-पाच, नायतर सहा-सहा आणि टायब्रेक. सहा-पाचार सेट कधी संपणा नाय."

खेळाडू उठले आणि पुन्हा खेळायला गेले.

"कधीच नाय?"

"कधीच नाय." काका माझ्याकडे वळले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "इतकी वर्षां तू बापाशीच्या बाजूक बसलंस, आणि तुका ह्या म्हायत नाय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले. बाबांना त्या संध्याकाळी एका क्षणात दोन गोष्टी कळल्या असणार. पोरगा हरला, ही एक. आणि आपली मुलगी दहा-बारा वर्षं शेजारी बसली पण तिने एकदाही बघितलं नाही, ही दुसरी. माझा चेंडू वीतभर बाहेर पडला होता. त्यांनी तो आत धरला आणि मला चालेल असा परतवला. मला वर्षभर कळलं नाही, इतक्या सफाईने. फक्त नारळ त्यांनी पाठवू दिला नाही. माझं खोटं ते स्वतःपुरतं घ्यायला तयार होते. देवाकडे ते त्यांनी जाऊ दिलं नाही.

त्यांचा हात माझ्या मनगटावर होता तेव्हा घट्ट होता की सैल, ते मी आठवून बघते. मला आठवत नाही. मी त्या वेळीही बघत नव्हते.

पोरगा आजवर कुठलीही मोठी स्पर्धा जिंकलेला नाही. थोरला आणि मधला खेळायचे थांबले, धाकटाही थकला, आणि पोराची पाळी येणार असं वाटत असतानाच मागून दोन नवी मुलं आली. त्यांचे हात सैल पडत नाहीत. बाग आता त्या दोघांच्या नावावर झाली आहे. पोरगा पोरगा राहिलेला नाही. तिशी ओलांडली, मनगटाला पट्टी असते, कपाळावरचे केस मागे सरले आहेत. पहिल्या आठवड्यातच बहुतेकदा घरी जातो. मी त्याचा एकही सामना चुकवत नाही. त्याचा हात बघते. बाबा म्हणायचे ते खरं आहे, शेवटाला सैल पडतो, आणि त्याच्या आधी एक गेम तो रॅकेट बोटांत उगाच फिरवत राहतो. हे बाबांना दिसलं होतं की नाही कोण जाणे. सांगायला पाहिजे होतं.

नारळ फळीवरच आहे. आतलं पाणी कधीच आटलं, खोबऱ्याचा गोटा सुटून आत वाजतो. काका एकदा म्हणाले, "आता तो फोड आणि आमटीच्या वाटपात घाल, नायतर देवाक सांगान मोकळी हो." गुरवांनीही सांगितलं की देवापुढे चूकभूल मागितली की बोललेल्यातून सुटका होते. मला सुटका नको आहे.

या जानेवारीत पोराचा पहिला सामना सकाळचा होता. काका मुलीकडे गेले होते. मी अंघोळ करून बाबांच्या खुर्चीत बसले, टीव्ही लावला, आणि गाऱ्हाणं घातलं. माझ्या आवाजात ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणाले. "ह्यो पोरगो आज परत उभो रवलो आसा. तेचो हात शेवटाक सैल पडता, ता तुका बाबांनी सांगलेलाच आसा. नारळ हयसरच आसा म्हाराजा."

एवढं म्हणून मी सवयीने थांबले. हुंकार भरणारं माणूस त्या घरात पूर्वी मीच असायची. पोरगा चेंडू जमिनीवर टपटप आपटत होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले, आणि त्याच्या हाताकडे बघत राहिले.